कुणाचा हात आहे ते बघून

2022 चा ऑक्टोबर संपत आला होता, इराणमध्ये हिजाबावरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीला जाऊन महिना-सव्वा महिना झालेला, आणि आम्ही बऱ्याच जणी एका हॉलमध्ये इराणच्या बायकांवरचा कार्यक्रम ऐकायला जमलो होतो. पडद्यावर फोटो येत होते. भर रस्त्यात स्वतःचे केस कापणाऱ्या बायका, पेटवलेल्या स्कार्फभोवती नाचणाऱ्या मुली, आणि मग डिसेंबर 2017 मधला तो जुना फोटो, तेहरानच्या एन्केलाब रस्त्यावर एका पेटीवर चढून काठीला पांढरा स्कार्फ बांधून शांत उभी असलेली विदा मोवाहेद. बोलणाऱ्या बाई फार मनापासून बोलत होत्या, मधेच त्यांचा आवाज भरून यायचा आणि सगळा हॉल गप्प व्हायचा. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली, असेल एकोणीस-वीस वर्षांची, कॉफीच्या रंगाचा हिजाब कानाशी नीट पिन लावून बसवलेला. ती म्हणाली, मला पण हे बघून रडू आलं, पण फेब्रुवारीत कर्नाटकात हिजाब घालणाऱ्या मुलींना कॉलेजच्या गेटवरून परत पाठवत होते तेव्हा इथं असा कार्यक्रम झाला होता का, मुद्दाम नाही विचारत, मला खरंच माहीत नाही. माइक हातात असलेल्या बाईंनी हसून सांगितलं की तो वेगळा विषय आहे, आज आपण इराणवर बोलतोय. मुलगी "बरं" म्हणून खाली बसली.

एवढंच झालं असतं तर मी कदाचित विसरले असते. पण नंतर चहाच्या टेबलापाशी एक वयस्कर बाई, चेहऱ्यावरून अगदी प्रेमळ, त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाळा, त्या तिकडे काढायला जीव देतायत आणि तू इथं घालून बसलीस, आता तू तरी काढ की." बोलण्यात राग अजिबात नव्हता, काळजीच होती, आपल्या घरातल्या मुलीला सांगावं तसं सांगत होत्या. मुलगी हसली आणि म्हणाली, "बघते काकू." थोरामोठ्यांना वाद न घालता गप्प करायला आपण सगळ्याच जे उत्तर देतो ते.

ते "बघते काकू" मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. कारण काकूंना इराणच्या मुलींबद्दल जे वाटत होतं ते खोटं नव्हतं, मी शेजारीच बसले होते, कार्यक्रमात त्यांनी दोनदा डोळे पुसलेले मी पाहिले होते. आणि तरी त्या समोरच्या मुलीला जे सांगत होत्या ते नेमकं तेच होतं जे इराणमधल्या मुलींना रोज कुणी ना कुणी सांगत असतं, की तुझ्या डोक्यावर काय असावं ते आम्हाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त दिशा उलटी.

त्या वर्षीच्या तारखा नंतर मी नीट लावून बघितल्या आणि मग झोप लागेना. 16 सप्टेंबर 2022 ला महसा, तिच्या घरच्यांची जीना, साक्केझची बावीस वर्षांची कुर्द मुलगी, तेहरानच्या हॉस्पिटलात गेली, तीन दिवस आधी हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी तिला पकडून नेलं होतं. आणि बरोबर त्याच दिवसांत आपल्या सुप्रीम कोर्टात, उडुपीच्या कॉलेजपासून सुरू झालेल्या कर्नाटकच्या हिजाबबंदी प्रकरणाची सुनावणी चालू होती. त्या सुनावणीत सरकारच्या बाजूने सॉलिसिटर जनरल तुषार मेहतांनी चक्क इराणचा दाखला दिला, की बघा, तिथल्या बायकासुद्धा हिजाबाविरुद्ध लढतायत. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्याच ओळीवर होते. ती मुलगी पोलिसांच्या जबरदस्तीने गेली. तिच्या मरणाचा आधार घेऊन दुसऱ्या देशातल्या सरकारने म्हणायचं की आम्हालाही जबरदस्ती करू द्या, फक्त आमची जबरदस्ती काढायची आहे. तिच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या बायका "झन, जिंदगी, आझादी", म्हणजे बाई, आयुष्य, स्वातंत्र्य, म्हणत होत्या, त्यातल्या आझादीचं काय करायचं मग? आणि त्या दिवशी टीव्हीवर, फोनवर, स्टेटसला लोकांना हे किती सहज पटलं. इराणची मुलगी शूर, उडुपीची मुलगी कट्टर. एकीला स्वतःचं डोकं आहे आणि दुसरीच्या मागे कुणीतरी आहे, असं आपण न विचारताच ठरवून टाकलं.

त्याच वर्षातल्या आणखी दोन तारखा आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुंदापूरच्या सरकारी कॉलेजचं गेट मुलींसमोर बंद झालं, परीक्षा दोन महिन्यांवर आल्यात, आत येऊ द्या, असं त्या गेटच्या बाहेरून विनवत होत्या, तो व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलाय. 5 फेब्रुवारीला सरकारचा आदेश निघाला की समता, एकता आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणारे कपडे चालणार नाहीत. 15 मार्चला हायकोर्टाने सांगितलं की हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही आणि आदेश कायम ठेवला. आणि त्यानंतर आठच दिवसांनी, 23 मार्चला, अफगाणिस्तानात मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणून दप्तरं घेऊन मुली सकाळी शाळेत पोचल्या आणि तालिबानने ऐन वेळी निर्णय फिरवून त्यांना घरी पाठवलं. गेटवरून रडत परत फिरणाऱ्या मुली इथेही आणि तिथेही. काबूलच्या मुलींचे फोटो बघून ज्यांना गलबलून आलं त्यांतल्या कितीतरी जणांनी कुंदापूरच्या मुलींना विचारलं की तुला शिक्षण महत्त्वाचं की कापड. काबूलच्या मुलींना हे कुणी विचारलं नाही, कारण तिथे गेट बंद करणारा आपल्याला आधीपासूनच नावडता होता.

मला सगळ्यात जास्त लागून राहिलंय ते मात्र कर्नाटकातल्याच मंड्यातल्या एका शाळेच्या गेटवरचं दृश्य. निकाल लागेपर्यंत वर्गात धार्मिक कपडे नकोत, असा हायकोर्टाचा अंतरिम आदेश आल्यानंतरचे ते दिवस. पोरी आणि काही शिक्षिका गेटपाशी येतायत, त्यांना थांबवलं जातंय, आणि रस्त्यावर, कॅमेऱ्यांसमोर, त्या बुरखा आणि हिजाब काढून हातात घेऊन आत जातायत. एका शिक्षिकेने, चाळिशीच्या आसपासच्या वाटल्या मला, पिन काढताना मान जरा बाजूला वळवली. बस इतकंच. कुठलीही बाई, कुठल्याही धर्माची, अंगावरचं कापड चारचौघांत कुणाच्या तरी हुकुमाने काढताना जशी मान वळवेल तशीच. त्या क्षणी तिच्या डोक्यात कुराण होतं का, पगार होता का, वर्गातली मुलं होती का, मला कसं कळणार. पण ते बघताना मला माझी कॉलेजातली मैत्रीण आठवली आणि मग ती मनातून जाईना.

आम्ही अकरावी ते बीएस्सी एकत्र होतो. सकाळी बसस्टॉपवर ती काळ्या बुरख्यात भेटायची आणि कॉलेजच्या लेडीज रूममध्ये शिरली की पहिलं काम बुरखा काढायचा, चार घड्या घालायच्या आणि पिशवीत तळाशी कोंबायचा. तो सिंथेटिक कपडा उन्हाळ्यात इतका तापायचा की हाताला चटका बसल्यासारखं वाटायचं, आत तिची कपाळावरची बट चिकटलेली असायची, घामाचा आणि थोडा अत्तराचा असा मिसळलेला वास यायचा. मे महिन्यातल्या प्रॅक्टिकलच्या वेळी ती वैतागून म्हणायची, एक दिवस मी हा जाळणार आहे बघ. आणि दुसऱ्याच श्वासात म्हणायची, पण हा आहे म्हणून मी आहे इथं. तिच्या अब्बांनी कॉलेजला पाठवताना एकच अट घातली होती आणि ती अट तिने शांतपणे, पूर्ण हिशोब करून मान्य केली होती. तिच्या दोन्ही चुलतबहिणी दहावीनंतर घरी बसल्या होत्या. ही बुरखा घालून बसमध्ये चढत होती आणि लॅबमध्ये टायट्रेशन करत होती.

एकदा एका सरांनी वर्गात, तिचं नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं, म्हटलं की विज्ञान शिकायला येता आणि बाहेर जाताना परत सोळाव्या शतकात जाता. वर्ग हसला. ती मधल्या सुट्टीत उठली, लेडीज रूममध्ये गेली, बुरखा घालून परत आली आणि उरलेला सगळा दिवस तशीच बसली, पंखा नसलेल्या त्या कोपऱ्यातल्या बाकावर. मी म्हटलं अगं काढ ना, किती उकडतंय. ती म्हणाली, आज नाही. जी रोज जाळायच्या गोष्टी करायची तिने त्या दिवशी तो मुद्दाम अंगावर ठेवला. तो तिचा धर्म होता, हट्ट होता की अपमानाला दिलेलं उत्तर होतं, याचा तेव्हा मला पत्ता लागला नाही आणि आज वाटतं तिन्ही एकत्र होतं. "तिची निवड" हा शब्द म्हणूनच मला पुरत नाही आणि "तिच्यावरची जबरदस्ती" हाही पुरत नाही. एकाच कपड्यात दोन्ही होतं, आणि कुठल्या दिवशी त्यातलं काय जास्त हे फक्त तिला माहीत होतं.

त्या काळी कुणी कॉलेजच्या गेटवर नियम लावला असता तर बुरखा पडला नसता, ती पडली असती. चुलतबहिणींबरोबर घरी.

तुर्कस्तानात हे सगळं आपल्याआधी होऊन गेलंय. 1980 च्या लष्करी उठावानंतर आणि विशेषतः 1997 नंतर तिथल्या विद्यापीठांत डोकं झाकून बसायला बंदी होती, आणि मुली काय करायच्या तर स्कार्फवरून विग घालून लेक्चरला बसायच्या. 1999 मध्ये निवडून आलेल्या मर्वे कावाकचींना स्कार्फमुळे संसदेत शपथ घेऊ दिली नाही, नंतर नागरिकत्वही गेलं. लेयला शाहिन नावाची मेडिकलची विद्यार्थिनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली आणि 2005 मध्ये तिथेही हरली. मानवी हक्क न्यायालय! त्या निकालावर जगात किती मोर्चे निघाले? डॉक्टर होऊ पाहणारी एक मुलगी डोक्यावरच्या कपड्यासाठी देशोधडीला लागली, पण तिच्यासाठी केस कापायला कुणी आलं नाही, कारण काढायला लावणारं राज्य सेक्युलर होतं आणि सेक्युलर राज्य बाईचं वाईट करणार नाही हे आपण गृहीत धरलेलं असतं.

आणि खुद्द इराण. तिथल्या बायकांनी एकाच शतकात दोन्ही भोगलंय. जानेवारी 1936 मध्ये रेझा शहाने पडदा बंद केला, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादोर ओढून काढायचे, कित्येक बायकांनी मग घराबाहेर पडणंच सोडलं. 1941 मध्ये त्याला गादी सोडावी लागेपर्यंत हे चाललं. मग 1979 ची क्रांती, आणि 8 मार्चला, महिला दिनालाच, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर, कारण आदल्या दिवशी खोमेनींनी नोकरदार बायकांनी डोकं झाकावं म्हणून सांगितलं होतं. त्यात रेझा शहाच्या मुलाच्या, म्हणजे नंतरच्या शहाच्या विरोधात आयुष्य पणाला लावलेल्या बायका होत्या, काही चादोर घालणाऱ्याही होत्या. त्यांच्याच बरोबरीने लढलेल्या डाव्या संघटनांतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा त्यांना काय सांगितलं, तर आत्ता हे नको, आत्ता साम्राज्यवादाविरुद्धची लढाई महत्त्वाची, कपड्याचा प्रश्न दुय्यम. 1983 मध्ये कायदा आला, डोकं उघडं दिसलं तर 74 फटके. दुय्यम प्रश्न. मी जेव्हा जेव्हा ऐकते की आत्ता या मुलींबद्दल बोलू नका, वेळ बरोबर नाही, त्यांच्या बोलण्याचा फायदा दुसरेच घेतील, तेव्हा मला हे 74 आठवतात.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, नाहीतर हे सगळं खोटं होईल. घालायला लावणारे आणि काढायला लावणारे सारखेच, असं एका दमात म्हणून टाकणं मला जमत नाही. पॅरिसमध्ये चेहरा झाकला तर 150 युरोपर्यंत दंड होतो, तेहरानमध्ये पकडलेली मुलगी घरी परत आली नाही. नसरीन सोतुदेह या वकीलबाईंनी स्कार्फ काढणाऱ्या मुलींचे खटले लढवले म्हणून 2019 मध्ये त्यांना 38 वर्षांची कैद आणि 148 फटके सुनावले गेले. अफगाणिस्तानात मे 2022 च्या फर्मानात चेहरा झाकला नाही तर शिक्षा घरातल्या पुरुषाला, म्हणजे बाप-नवरा-भावालाच पोलीस करून टाकलं, आणि ऑगस्ट 2024 च्या कायद्यात बाईचा आवाजसुद्धा झाकायची गोष्ट ठरली. उडुपीत यातलं काही नाही, फ्रान्समध्ये नाही. कोर्टात जाता येतं, बोलता येतं, मी हे लिहू शकते. इराणी बायका चिडून म्हणतात की आमच्या मरणाशेजारी तुमचे दंड मांडू नका, आणि त्यांना तो हक्क आहे. पण जखम कमी खोल आहे म्हणून ती दुखत नाही असं नसतं, आणि कमी खोल जखम करणाऱ्याने दुसरीकडच्या खोल जखमेकडे बोट दाखवून सुटावं हे तर अजिबात मान्य नाही. मला प्रश्न पडतो तो कळवळ्याचा. तो जखमेकडे बघून येत नाही. कुणाचा हात आहे ते बघून येतो.

आणि हे काही फक्त एका बाजूचं नाही. मंड्याच्या कॉलेजात 8 फेब्रुवारी 2022 ला एक मुलगी एकटी स्कूटी लावून चालत येते आणि भगवे शेले घातलेला पोरांचा घोळका तिच्या मागे घोषणा देत येतो, तिने उलट घोषणा दिली, तो व्हिडिओ जगभर गेला. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने भारताच्या राजनैतिक अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला, 14 तारखेला इस्लामी देशांच्या संघटनेने, ओआयसीने, चिंता व्यक्त केली. एप्रिलमध्ये तर अल कायदाच्या अल जवाहिरीने व्हिडिओ काढून त्या मुलीचं कौतुक केलं आणि तिच्या वडिलांना जाहीर सांगावं लागलं की आम्ही या माणसाला ओळखत नाही, आम्हाला आमच्या देशात सुखाने राहू द्या. एका कॉलेजात जाणाऱ्या पोरीवर कोण कोण येऊन हक्क सांगून गेलं बघा. याच ओआयसीने 2019 च्या मार्चमध्ये ठराव करून चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची जी काळजी घेतो त्याबद्दल चीनचं कौतुक केलं होतं. त्याच चीनच्या शिनजियांगमध्ये एप्रिल 2017 पासून बुरख्याला आणि "असामान्य" दाढीला बंदी, लाखो उईघुर मुसलमान छावण्यांत. 2019 च्याच जुलैत चीनच्या धोरणाला पाठिंबा देणारं जे पत्र संयुक्त राष्ट्रांत गेलं त्यावर सौदी अरेबिया आणि पाकिस्तान दोघांचीही सही होती. तिथल्या बाईच्या डोक्यावरचं कापड ओढलं तर इस्लाम धोक्यात येत नाही, उडुपीत येतो.

ताजिकिस्तानचं तर कुणाला नावही माहीत नसतं. जवळजवळ सगळा देश मुस्लिम, राष्ट्राध्यक्ष मुस्लिम, आणि 2024 च्या जूनमध्ये त्यांनी "परक्या संस्कृतीचे" कपडे घालायला बंदी करणारा कायदा केला, रोख हिजाबावर. मी ओळखीच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांना विचारलं, बहुतेकांनी ऐकलंही नव्हतं. कसं ऐकणार, त्या बातमीत कुणाच्याच उपयोगाचं काही नाही. मुस्लिम सरकारच बंदी घालतंय म्हटल्यावर एका बाजूला ओरडता येत नाही आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान किती मागास हे दाखवता येत नाही. अशा ठिकाणची बाई मग कुणालाच दिसत नाही.

पाश्चात्त्य देशांबद्दल लिहायला गेलं तर फार लांबेल, तरी दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये लॉरा बुश यांनी रेडिओवरून अफगाण बायकांच्या हालअपेष्टांवर भाषण केलं, दहशतवादाविरुद्धची लढाई ही स्त्रियांच्या हक्कांचीही लढाई आहे असं सांगितलं, तेव्हा मासिकांत, वर्तमानपत्रांत निळ्या बुरख्याच्या जाळीतून बघणारे डोळे छापून यायचे, मला ते फोटो अजून आठवतात. आणि 29 फेब्रुवारी 2020 ला दोहामध्ये अमेरिकेने तालिबानबरोबर करार केला त्यात बायकांच्या हक्कांबद्दल एक वाक्य नाही. युद्ध सुरू करताना ती बाई लागत होती, संपवताना तिची अडचण झाली. दुसरी गोष्ट फ्रान्सची. 2020 मध्ये करोनात तिथे नाक-तोंड झाकणारा मास्क सक्तीचा झाला, आणि 2010 चा चेहरा झाकायला बंदी करणारा कायदाही तसाच चालू राहिला. चेहरा दिसणं म्हणजे समाजात एकत्र राहण्याची पहिली अट, असं जे कायद्याच्या बाजूने सांगितलं गेलं होतं, त्याचं त्या दोन वर्षांत काय झालं? सगळं शहर चेहरा झाकून एकमेकांशी व्यवस्थित बोलत होतं, दुकानात जात होतं, शाळेत शिकवत होतं. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही म्हटलं होतं की या कायद्याने दोन स्त्रियांच्या हक्कांचा भंग झालाय. फरक पडला नाही.

तरीही मी जर म्हणाले की पूर्ण चेहरा झाकलेला बुरखा बघून मला काहीच वाटत नाही, तर ते खरं नाही. वाटतं. एखाद्या चार-पाच वर्षांच्या मुलीला हिजाबात बघितलं की पोटात कालवतं, तिला कुणी विचारलं असेल असा विचार येतो. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव ऐकत आपण वाढलोय, त्यांच्या पुढाकाराने 18 एप्रिल 1966 ला मुंबईत तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम बायका मोर्चा घेऊन निघाल्या होत्या, सातच, हे शाळेत असताना घरी ऐकलेलं, आणि तेव्हापासून माझ्या मनात त्या सात जणी आहेत. 1982 मध्ये जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचं नाही असं फर्मान निघालं तेव्हा रझिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. घरातून, मोहल्ल्यातून होणाऱ्या जबरदस्तीबद्दल बोलायचंच नाही, नाहीतर अमक्या पक्षाचा फायदा होईल, असं म्हणणाऱ्यांनी त्या बायकांना कायम एकटं पाडलंय. आणि आता दुसरे आलेत जे दलवाईंचं नाव घेऊन गेटवरच्या मुलीला गप्प करतात. दलवाई आयुष्यभर ज्यासाठी झगडले ती गोष्ट म्हणजे मुस्लिम बाई ही या देशाची पुरी नागरिक आहे, तिला कायद्याचं सगळं संरक्षण मिळालं पाहिजे. तिलाच वर्गाबाहेर काढायला त्यांचं नाव वापरायचं हे मला सहन होत नाही.

माझ्या मैत्रिणीने पुढे बुरखा सोडला. लग्नानंतर, नोकरी लागल्यावर, कधीतरी हळूहळू, जाळला वगैरे नाही. कुणी कायदा केला म्हणून नाही, हातात पगार आला म्हणून. आता तिची मुलगी हिजाब घालते, इंजिनियरिंगला आहे, आणि दोघींची त्यावरून कडाक्याची भांडणं होतात, फोनवर मला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. मैत्रीण म्हणते, मी जे इतक्या कष्टाने उतरवलं ते हिने हौसेनं चढवलं. मुलगी म्हणते, अम्मी, तुला घालायला लावलं होतं म्हणून तुला राग, मला काढायला लावतायत म्हणून मला राग. मला दोघींचंही पटतं आणि दोघींनाही तसं सांगितलं तर दोघी चिडतात. पण हे भांडण त्यांचं आहे, स्वयंपाकघरात चाललेलं, ते वीस वर्षं चालेल, कदाचित कुणी बदलेल कदाचित नाही. त्यात पोलीस कुठून आला, प्रिन्सिपॉल कुठून आला, शेला घातलेला पोरगा आणि मोहल्ल्यातला मौलाना कुठून आला? ते आत शिरले की भांडण तिथेच गोठतं, मग मुलीला हिजाब काढता येत नाही कारण तो काढणं म्हणजे हरणं, आणि आईला बोलता येत नाही कारण तिचं वाक्य उद्या कुणीतरी पोस्टरवर लावेल.

13 ऑक्टोबर 2022 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो दुभंगलेला. न्यायमूर्ती हेमंत गुप्तांनी बंदी योग्य ठरवली. न्यायमूर्ती सुधांशू धुलियांनी ती रद्द केली, आणि त्यांच्या निकालात मला जे वाचायचं होतं ते वाचायला मिळालं. धर्मात अत्यावश्यक काय याच्या मागे कोर्टाने जायलाच नको होतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या मनात सगळ्यात आधी मुलीचं शिक्षण होतं, लहान गावांतल्या मुलीला शाळेला निघण्याआधी घरची किती कामं उरकावी लागतात याचाही त्यात उल्लेख आहे, आणि हिजाब घालते एवढ्यासाठी तिला शिकू न देऊन आपण तिचं आयुष्य काही सुधारतोय का, हा प्रश्न. या सगळ्या गदारोळात त्या मुलीकडे मुलगी म्हणून बघणारं मी वाचलेलं हेच पहिलं. 2024 मध्ये चेंबूरच्या कॉलेजच्या ड्रेसकोडचं प्रकरण गेलं तेव्हा मुंबई हायकोर्टाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब-टोपीपुरती त्या नियमाला स्थगिती दिली आणि कॉलेजला विचारलं की टिळा लावणाऱ्यांनाही बंदी करणार का. वर्गात बुरखा मात्र नाही म्हणून सांगितलं. तात्पुरता का होईना, काही मुलींना त्या वर्षी वर्गात बसता आलं असेल.

कर्नाटकचं प्रकरण मोठ्या खंडपीठापुढे जायचं ठरलं आणि वर्षं सरत गेली. दरम्यान कुणी दाखले काढून दुसऱ्या कॉलेजात गेल्या, कुणी हिजाब काढून वर्गात बसल्या, कुणी घरीच राहिल्या. हिजाब घालून पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात बसता येईल का, एवढंच विचारायला त्या मुली कोर्टात गेल्या होत्या. त्यांच्यातली एकही आता पीयूसीच्या वर्गात बसण्याच्या वयाची राहिलेली नाही.